चौथ्या मजल्यापर्यंतची वीज

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर अठरा सोलर पॅनल आहेत. प्रत्येकाच्या पाठीवर पाचशे चाळीस वॉट असं छापलेलं आहे, म्हणजे एकूण नऊ हजार सातशे वीस. बोलताना सगळे दहा किलोवॉट म्हणतात. मी नऊ पूर्णांक सात म्हणतो. इमारत बोरिवली पूर्वेला, सात मजल्यांची. मी तळमजल्यावर राहतो. हे आधीच सांगायला हवं, कारण पुढची हकिकत लिफ्टची आहे आणि मला लिफ्ट लागत नाही.

सोलरचं काम माझ्याकडे आलं ते मी आकड्यांत रमतो म्हणून. अंधेरीच्या एका औषध कंपनीत मी क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. गोळीचं वजन मिलिग्रॅममध्ये मोजायचं, चुकलं तर पूर्ण बॅच बाजूला काढायची, असं ते काम. आमचा सेक्रेटरी माझा जुना दोस्त. तो मीटिंगमध्ये म्हणाला, "तूच बघ रे. आम्हाला यातलं कायच कळत नाय."

मलाही कळत नव्हतं, पण मी वाचलं. आणि जे कळलं ते लोकांना कळावं म्हणून तळमजल्याच्या फळ्यावर रोज एक शब्द लिहायचं ठरवलं. एरवी त्या फळ्यावर टाकी धुण्याची तारीख असते. पॅनल बसल्यावर जो भेटेल तो एकच विचारत होता, आता बिल शून्य येणार ना? त्याला उत्तर देण्याआधी वॉट आणि युनिट यांतला फरक सांगणं भाग होतं.

पहिल्या दिवशी वॉट. एखादी वस्तू चालू असताना, त्या घडीला तिला किती वीज लागते, ते वॉटमध्ये मोजतात. छताचा पंखा साधारण साठ वॉट, गीझर दोन हजार. दुसऱ्या दिवशी युनिट. हजार वॉटची वस्तू एक तास चालली की एक युनिट झालं. गीझर अर्धा तास चालला की एक युनिट, पंखा आठ तास चालला तरी अर्ध्याहून कमी. थोडक्यात, वॉट म्हणजे नळाची धार आणि युनिट म्हणजे बादलीत जमलेलं पाणी. हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं होतं. तेव्हा ते मला अगदी नीट समजलं आहे असं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी इन्व्हर्टर. पॅनलमधून निघणारी वीज एकाच दिशेने वाहते, आपल्या भिंतीतल्या विजेची दिशा सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते. एकीची दुसरी करणारी पेटी म्हणजे इन्व्हर्टर. चौथ्या दिवशी नेट मीटर. दुपारी आपण वापरतो त्याहून जास्त वीज तयार झाली तर ती बाहेरच्या तारेत जाते, मीटर ती मोजतो आणि बिलातून वजा होते. त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या मालवणी आजी पिशवी घेऊन फळ्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या.

"सूर्य आमचो, गच्ची आमची, आणि मीटर त्येंचो?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

"मगे बरा," असं म्हणून त्या लिफ्टमध्ये शिरल्या.

पाचव्या दिवशी बॅटरी. आमच्या बॅटरीत दहा युनिटं मावतात, पण दहाच्या दहा उपसायची नसतात. दोन तळाशी ठेवायची, नाहीतर बॅटरीचं आयुष्य कमी होतं. म्हणजे वापरायला आठ. हे लोकांना सर्वांत पटकन कळलं, कारण पिंपातलं तळाचं पाणी कोणीच काढत नाही.

सहाव्या दिवशी मी बॅकअप हा शब्द लिहिला. चूक तिथे झाली.

सोलर असलं की लाइट गेल्यावरही सगळं चालू राहतं, असा आमच्या इमारतीत सार्वत्रिक समज होता. तसं नसतं. बाहेरची वीज गेली की गच्चीवरचं साधं सोलरही मुद्दाम बंद पडतं. तसं झालं नाही तर आपली वीज बाहेरच्या तारेत जाईल आणि तिथे काम करणाऱ्या माणसाला झटका बसेल. बॅटरीला जे जोडलेलं आहे तेवढंच चालू राहतं. आमच्याकडे बॅटरीसाठी पाच किलोवॉटचा वेगळा इन्व्हर्टर होता. त्यावर जिन्यातले दिवे, फाटकाचा दिवा आणि कॅमेरे जोडले होते. सगळं मिळून तीनशे वॉट. सहा तास लाइट गेली तरी एक पूर्णांक आठ युनिटं. बाकीची सहा नुसती पडून.

ती पडून राहणारी सहा युनिटं मला बघवेनात.

सेक्रेटरी म्हणाला होता, "आपल्याकडे लाइट जाते कुठे यार?" ते खरं होतं. आमच्या भागात वीज जाणं ही लोकांना लक्षात राहणारी गोष्ट आहे. कुठल्या वर्षी गेली होती, त्या वेळी कोण कुठे अडकलं होतं, सगळं सांगता येतं. म्हणून घरात कोणी इन्व्हर्टर ठेवत नाही, मेणबत्ती कुठे आहे ते कोणाला ठाऊक नसतं. पण मला तर्क पुरा करायचा होता. लिफ्टच्या मोटरवर पाच अश्वशक्ती लिहिलेलं होतं. एक अश्वशक्ती म्हणजे सातशे सेहेचाळीस वॉट, म्हणून मोटर तीन पूर्णांक सात किलोवॉटची. इन्व्हर्टर पाचचा. एक पूर्णांक तीन शिल्लक. एका रविवारी सकाळी मी लिफ्टच्या मीटरचं रीडिंग घेतलं आणि खुर्ची टाकून फेऱ्या मोजल्या. चाळीस फेऱ्यांना दोन पूर्णांक चार युनिटं लागली. म्हणजे सहा युनिटांत शंभर.

सोलर बसवणाऱ्या कंपनीच्या नकाशात लिफ्ट बॅटरीच्या बाजूला नव्हती. त्यांना वायरिंगचं काम वाढवायचं नसेल असं मी गृहीत धरलं. इमारतीची किरकोळ कामं करणाऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलावून लिफ्टची लाइन बॅटरीकडे घ्यायला सांगितली. त्याने एकदा विचारलं की कंपनीवाल्यांना विचारलंय का. मी म्हणालो, हिशोब केलाय. त्याने लाइन घेतली. त्या संध्याकाळी मी फळ्यावर लिहिलं: "वीज गेल्यास लिफ्ट बॅटरीवर चालेल. सुमारे शंभर फेऱ्या."

चाचणी घेतली नाही. चाचणीसाठी इमारतीचा मुख्य स्विच पाडावा लागतो, आणि दर वेळी कोणाची ऑफिसची मीटिंग असायची, कोणाचं वॉशिंग मशीन लावलेलं. दोनदा पुढे ढकलली, मग विसरलो. ज्या माणसाच्या हाताखालून न तपासलेली एक गोळी बाहेर जात नाही, त्याने हे केलं. याला माझ्याकडे काही कारण नाही.

तीन आठवड्यांनी, ऑक्टोबरात, वीज कंपनीची नोटीस आली. जमिनीखालची केबल बदलायची आहे, गुरुवारी सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच वीज बंद.

मंगळवारी संध्याकाळी मी कामावरून आलो तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या ताई फळ्यासमोर उभ्या होत्या. वाशीम जिल्ह्यातल्या एका गावातून त्या लग्न होऊन मुंबईत आल्या, त्याला तीस वर्षं झाली असतील. त्यांचे यजमान पोस्टमन होते. निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी त्यांच्या किडन्या गेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार असं डायलिसिस. स्टेशनजवळच्या सेंटरमध्ये त्यांची अकराची पाळी असते, तीनला सुटका होते आणि रिक्षाने साडेतीनपर्यंत दोघं परत येतात. जाताना ते लिफ्टपर्यंत चालत येतात. येताना ताईंनी धरलेलं असतं. रक्तदाब उतरलेला असतो, पायांत बळ नसतं, आणि जिना चढायचा नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं आहे.

ताईंनी मला प्रश्न नीट मांडून सांगितला. गुरुवारी साडेतीनला लाइट नसणार. सेंटरवाल्यांनी एका दिवसापुरती सकाळी सहाची पाळी देऊ केली होती. ती घेतली तर साडेदहाच्या आत ते घरी पोचले असते. पण त्यासाठी पहाटे उठवायचं, त्या आधी खायला घालायचं, आणि पहाटे त्यांचा रक्तदाब स्थिर राहत नाही. त्यामुळे गरज नसेल तर नको होतं. सेंटरला आजच सांगायचं होतं. फळ्यावर लिहिलंय ते पक्कं ना, एवढंच त्यांना हवं होतं.

मी पक्कं म्हणालो. त्यांनी पर्स उघडली, फोन काढला, पण लावला नाही.

"मोटर उचलेल ना, भाऊ?"

मी त्यांना सगळं सांगितलं. मोटर तीन पूर्णांक सात, इन्व्हर्टर पाच, बॅटरीत आठ युनिटं, शंभर फेऱ्या, तुम्हाला हवी एक.

"ते झालं. सुरू होताना उचलेल का, ते विचारते मी. आमच्या विहिरीवर पाचाचीच मोटर होती. लाइट असायची, बल्ब लागायचा, मोटर नुसती घूं करायची आणि उचलायची नाही. एकदा उचलली की मग दिवसभर चालायची."

मी म्हणालो, तिथे व्होल्टेज कमी असायचं. इथे तसं नाही. हे उत्तर खोटं नव्हतं. त्यांच्या प्रश्नाचं मात्र ते उत्तर नव्हतं. त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं, मग सेंटरला फोन लावला आणि सकाळची पाळी नको म्हणून सांगितलं.

रात्री जेवताना मी बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "तिने विचारलं ते तुला माहीत होतं का?" मी म्हणालो, आकडे माहीत होते.

बुधवारी मी अर्धा दिवस रजा टाकली. दुपारी तीनला सर्वांना निरोप देऊन सेक्रेटरी मीटर रूममध्ये उभा राहिला आणि मी तळमजल्यावर लिफ्टमध्ये शिरून जाळी लावली. आमची लिफ्ट जुनी, ओढायच्या जाळीची. फोनवर मी म्हणालो, पाड. त्याने मुख्य स्विच पाडला. लिफ्टमधला दिवा क्षणभर मिचकावला आणि पुन्हा लागला. इथवर सगळं बरोबर. मी चार नंबरचं बटण दाबलं.

वरून घूं असा आवाज आला. लिफ्ट थरथरली, हलली नाही. मग दिवा गेला. जिन्यातलेही गेले, फाटकाचाही गेला. फोनवर सेक्रेटरी म्हणाला, "अरे, पेटी लाल झाली. ओव्हरलोड लिहून येतंय."

पेटी बंद करून पुन्हा चालू केली. जिन्यातले दिवे बंद ठेवून, सगळी वीज फक्त लिफ्टला देऊन पाहिलं. तेच झालं. तिसऱ्यांदाही तेच. तिन्ही वेळा मी घड्याळ लावलं होतं. तीन सेकंदांच्या आत पेटी बंद.

सोलर कंपनीच्या माणसाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, मोटर बंद अवस्थेतून फिरायला लागते तेव्हा पहिल्या क्षणाला पाच-सहा पट वीज ओढते. सर्ज म्हणतात त्याला. तुमच्या मोटरला त्या क्षणी वीसच्या आसपास लागणार, पेटी पाचची. बॅटरीत शंभर युनिटं भरली असती तरी हेच झालं असतं. म्हणूनच नकाशात लिफ्ट बाहेर ठेवली होती. एक उपकरण येतं, मोटरला हळूहळू सुरू करणारं, ते लावलं तर कदाचित जमेल. मागवायला दहा दिवस लागतील.

मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं.

"साहेब, तुम्ही किती तास चालेल ते विचारत होता," तो म्हणाला. "लिफ्ट जोडताय हे कधी बोललाच नाहीत."

मी नळाची धार आणि बादली असं फळ्यावर लिहिलं होतं. बादलीत किती आहे तेच मी मोजत राहिलो. धार मोजली तीही चालत्या मोटरची. सुरू होणाऱ्या मोटरची मोजायला हवी होती, आणि ते मला एका बाईने वीस तास आधी सांगितलं होतं.

मुख्य स्विच वर केल्यावर लिफ्ट नेहमीसारखी चालू झाली. मी जिन्याने गेलो. चौथ्या मजल्यापर्यंत बहात्तर पायऱ्या आहेत. हा आकडा मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

दार ताईंनी उघडलं. त्यांचे यजमान हॉलमध्ये पलंगावर बसून पेपर वाचत होते. मी उभ्यानेच सांगितलं की उचलत नाही. ताईंनी सेंटरला फोन लावला. सकाळची पाळी बाहेरच्या एका पेशंटला देऊन झाली होती. शुक्रवारी जागा नव्हती. गुरुवार सोडला तर मंगळवारपासून थेट शनिवार. तेवढ्या दिवसांत अंगात पाणी साठून त्यांना श्वास लागतो, हे मला ताईंनीच नंतर सांगितलं. फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

"मी तुम्हाला दोनदा विचारलं, भाऊ."

मी हो म्हणालो.

"विचारायला नको होतं काय? काऊन, तर फळ्यावर लिहिलेलं होतं म्हणून?"

पलंगावरून यजमान म्हणाले, "जाऊ दे गं. दिवसाला चाळीस मजले चढायचो मी. चार तर राहिलेत आता." त्या त्यांच्याकडे वळल्याही नाहीत.

तेवढ्यात सेक्रेटरी वर आला. त्याने सुचवलं की खुर्चीत बसवून चार जण वर घेऊन येऊ, आपली माणसं आहेत, पंधरा मिनिटांचं काम.

यजमानांनी पेपर खाली ठेवला. "चौघांनी उचलायची वेळ यायचीय अजून," ते म्हणाले. "आली की सांगेन तुला."

मी म्हणालो, तळमजल्यावर माझं घर आहे. साडेतीनला तिथे या, लाइट येईपर्यंत आडवे व्हा, मग लिफ्टने वर जा. यजमान लगेच चालेल म्हणाले. संध्याकाळी सहाला ताई खाली आल्या आणि आमचं घर पाहून गेल्या. पलंगाची उंची हाताने मोजली. बाथरूमचं दार किती उघडतं ते पाहिलं, उंबरा आहे का ते पाहिलं. कधी कधी उलटी होते, एक जुनं पातेलं लागेल, म्हणाल्या. खिडकीपाशी उभ्या राहून त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला: लाइट नसणार, मग पंखा?

ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्या घरातली लाइटही त्याच केबलवर. ऑक्टोबरातल्या दुपारी तळमजल्यावरच्या खोलीत, रक्तदाब उतरलेला माणूस, पंख्याशिवाय.

बुधवारी संध्याकाळीच मी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने लिफ्टची लाइन काढून पूर्वीच्या जागी नेली. मग जिन्यातल्या दिव्याच्या पॉइंटवरून, म्हणजे बॅटरीच्या बाजूने, आमच्या आतल्या खोलीत एक एक्स्टेन्शन घेतलं. सोसायटीची वीज स्वतःच्या घरात घेतोय म्हणून मी सेक्रेटरीला विचारलं. तो म्हणाला, "लाव रे. त्यात काय विचारायचं?" तरी मी कमिटीच्या वहीत तशी नोंद केली. टेबलफॅन पंचावन्न वॉटचा होता. मुख्य स्विच पुन्हा पाडायला लावून मी तो तीन वेळा बंद करून चालू केला. तिन्ही वेळा लागला. ताई दारात उभ्या राहून बघत होत्या.

गुरुवारी मी पूर्ण रजा घेतली. सव्वादहाला दोघं लिफ्टने खाली आले आणि रिक्षात बसले. अकराला दोन मिनिटं असताना लाइट गेली. जिन्यातले दिवे चालू राहिले. लिफ्टच्या जाळीला मी दोरी बांधून पाटी अडकवली. फळ्यावरचं ते वाक्य मी आदल्या दिवशीच पुसलं होतं आणि त्या जागी लिहिलं होतं की लिफ्ट बॅटरीवर चालत नाही, आधी लिहिलेलं चूक होतं, आणि खाली माझा फ्लॅट नंबर. दुपारभर लोक जिन्याने चढले. मालवणी आजी दुसऱ्या मजल्यावरून खाली आल्याच नाहीत.

पावणेचारला रिक्षा आली. यजमानांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ताईंनी आणि मी दोन बाजूंनी धरलं. फाटकापासून पलंगापर्यंत एकवीस पावलं झाली, मध्ये एकदा थांबलो. ते आडवे झाले, ताईंनी पायांखाली उशी दिली आणि फॅन त्यांच्या तोंडावर न येता छातीवर येईल असा फिरवला. पातेलं लागलं नाही. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले.

बायकोने चहा केला. गॅसवर होतो तो, त्याला कशाचीच अडचण नव्हती. मी कप पुढे केला तर त्यांनी विचारलं, "किती मिली आहे?"

दिवसाला त्यांना सगळं मिळून आठशे मिलिलिटर प्यायची परवानगी आहे. त्यात पाणी, चहा, आमटी, गोळी गिळायला घोटभर, सगळं आलं. घरच्या कपाचं माप त्यांना पाठ होतं, आमच्या कपाचं नव्हतं. मी स्वयंपाकघरातून मोजायचं भांडं आणलं आणि चहा त्यात ओतून पाहिला. एकशे वीस. ते म्हणाले, आज दोनशे तीस राहिलेत, संध्याकाळच्या गोळ्यांना पन्नास ठेवायचे, रात्री जेवताना ऐंशी. शंभर घेतो. मी वीस काढून उरलेला चहा परत कपात ओतला.

"तुमची बॅटरी तरी बरी," ते म्हणाले. "तिच्यात उपसायचं किती एवढंच बघायचं. माझं भरायचं किती तेही बघावं लागतं."

मग त्यांनी मला त्यांचं गणित सांगितलं. डायलिसिसच्या आधी वजन, नंतर वजन, मधला फरक म्हणजे काढलेलं पाणी. आज दोन किलो तीनशे. तीनच्या वर गेलं तर नर्स ओरडते. एका वहीत त्यांनी दोन वर्षांचे आकडे लिहून ठेवले आहेत. मी विचारलं, एका तासाला किती काढायचं यावर काही मर्यादा आहे का. ते म्हणाले, आहे ना, तीच तर भानगड. पाणी कितीही साठलेलं असो, तासाला ठरावीकच निघतं. घाई केली की माणूस तिथेच आडवा.

ताई खुर्चीवर बसून हे ऐकत होत्या. म्हणाल्या, "दोघं सापडलात एकमेकांना." हसून नाही, पण म्हणाल्या.

पाच वाजले. लाइट आली नाही. सव्वापाचला सेक्रेटरी गल्लीच्या तोंडाशी जाऊन आला. केबल टाकून झाली होती, जोडणी राहिली होती. ताईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग फॅनकडे. फॅन अजून किती वेळ चालेल ते त्यांनी मला विचारलं. मी मीटर रूममध्ये जाऊन पेटीवरचा आकडा बघून आलो. बॅटरी ऐंशी टक्के होती. सकाळी पूर्ण भरलेली होती, अकरापासून दोन युनिटं गेली होती. वीस टक्क्यांपर्यंत उतरवायची म्हटलं तरी सहा युनिटं हाताशी. जिन्यातले दिवे आणि फॅन मिळून साडेतीनशे वॉट. मी म्हणालो, उद्या सकाळपर्यंत. मग म्हणालो, सकाळी सातपर्यंत नक्की, त्यापुढचं सांगत नाही. आणि फॅन बंद करून पुन्हा लावायचा झाला तरी लागेल, काल पाहिलं आहे.

"चालूच राहू दे," त्या म्हणाल्या.

सहाला यजमान उठून बसले. स्वतः बाथरूमपर्यंत गेले. बायकोने त्यांना मीठ न घातलेला उपमा करून दिला. त्यांनी अर्धा खाल्ला आणि चूळ भरून इथल्या पाण्याची चव वेगळी लागते म्हणाले, तळमजल्यावर पाणी आधी येतं म्हणून असेल. मग सेक्रेटरीबद्दल, त्याच्या वडिलांना पूर्वी येणाऱ्या पत्रांबद्दल बोलत राहिले. घरी जायचं त्यांनी एकदाही काढलं नाही. ताईंच्या तोंडावर मात्र ते दिसत होतं. औषधं वर होती, त्यांची आडवं व्हायची जागा वर होती, आणि परक्या घरात माणूस किती वेळ बसणार.

सहा वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या हॉलमधली ट्यूब लागली. मी जाऊन लिफ्टची दोरी सोडली, पाटी काढली. ताईंनी यजमानांना धरून बाहेर आणलं. ते चालत होते, बऱ्यापैकी. लिफ्टच्या जाळीशी आल्यावर ताई थांबल्या.

"आधी तुम्ही जाऊन या, भाऊ."

मी सांगणार होतो की आता ही बाहेरची वीज आहे, बॅटरीचा संबंध नाही, लाइनही काढून टाकली आहे. सांगितलं नाही. जाळी ओढली, चार नंबर दाबला. वर पोचायला सव्वीस सेकंद लागले. चौथ्या मजल्यावर जाळी उघडली, बंद केली आणि खाली आलो. तेही सव्वीस.

"पुन्हा एकदा," त्या म्हणाल्या.

यजमान भिंतीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "अगं, त्यांना काय कामधंदा आहे की नाही?"

"असू दे."

मी पुन्हा गेलो, पुन्हा आलो. मग त्यांनी यजमानांना आत घेतलं, स्वतः शिरल्या आणि जाळी स्वतःच्या हाताने ओढली. मोटरने उचललं. मी खाली उभा राहून एक, दोन, तीन असे आकडे वर सरकताना बघत होतो. चारला थांबले. जाळी उघडल्याचा आवाज आला, थोड्या वेळाने बंद झाल्याचा, आणि मग लिफ्टच्या पोकळीतून वरून ताईंचा आवाज आला.

"पोचलो."